संरक्षणाच्या रुपयावरील पहारा

कल्याणहून कर्जतकडे जाणारी लोकल विठ्ठलवाडी आणि उल्हासनगर हीं स्थानकें मागें टाकून अंबरनाथला थांबते, तेव्हां ठाणें, डोंबिवली, कल्याण येथून आलेले कित्येक कामगार फलाटावर उतरतात. त्यांतील कांहीं शस्त्रनिर्माण कारखान्याची वाट धरतात. तेथें पितळ व ॲल्युमिनियम यांसारख्या धातूंचें काम चालतें. कांहीं मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरीकडे वळतात, तर कांहीं नौदलासाठीं संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेंत जातात. पाणबुडीला पाण्याखालीं अधिक काळ राहतां यावें, म्हणून लागणाऱ्या इंधन-घटावर याच प्रयोगशाळेनें काम केलें. या तिन्ही ठिकाणच्या उद्योगाला पोसणारी थैली एकच, ती म्हणजे देशाच्या संरक्षणाची. ही थैली कोण उघडतो, आणि बाहेर पडलेला रुपया मोजतो कोण, हा प्रश्न म्हणूनच दिल्लीइतकाच कल्याण-डोंबिवलीच्या घरांतलाहि आहे.

थैली लहान नाहीं. २०२५-२६ या वर्षाच्या अंदाजपत्रकांत संरक्षणासाठीं ६ लक्ष ८१ हजार २१० कोटि रुपयांची तरतूद होती. ही रक्कम संसदेपुढें चार मागण्यांच्या रूपानें येते: मंत्रालयाचा मुलकी खर्च, सैन्यदलांचा महसुली खर्च, भांडवली खर्च आणि निवृत्तिवेतन. पगार, इंधन, दारूगोळा व दुरुस्ती हीं महसुली खात्यांत मोडतात. विमानें, जहाजें व तोफा भांडवली खात्यांत. गृहिणी किराण्याचा खर्च एका वहींत आणि घरदुरुस्तीचा दुसऱ्या वहींत मांडते, त्यांतलाच हा भेद.

या मागण्यांवर लोकप्रतिनिधींनीं मत द्यावें, ही गोष्ट आज स्वाभाविक वाटते. परंतु ती सहजासहजीं मिळालेली नाहीं. गोपाळ कृष्ण गोखले यांनीं १९०२ सालीं वरिष्ठ कायदे मंडळांत अंदाजपत्रकावर पहिलें भाषण केलें. लष्करी खर्चाचा वाढता बोजा हा त्यांच्या टीकेचा एक मुख्य विषय होता. मात्र त्या मंडळाला चर्चेचा अधिकार होता, मतदानाचा नव्हता. पुढें १९१९च्या कायद्यानें मध्यवर्ती विधिमंडळाला कांहीं खर्चावर मत देतां येऊं लागलें, तरी लष्करी खर्च त्यांतून वगळलेलाच राहिला. जो रयत कर भरी, त्याच्या प्रतिनिधीनें सैन्याच्या खर्चाला ‘नको’ म्हटलें तरी तें मोजलें जात नसे. १९५० सालीं राज्यघटना अमलांत आली, तेव्हां ही उणीव भरून निघाली. लोकसभेनें मागणी मान्य केल्यावांचून आणि विनियोजन विधेयक संमत झाल्यावांचून एकत्रित निधींतून या कामासाठीं पैसा काढतां येत नाहीं.

अधिकार मिळाला, तरी तो चालविण्यास वेळ लागतो. पांचशेंहून अधिक सभासदांच्या सभेनें प्रत्येक तोफेचा आणि प्रत्येक गोदामाचा हिशेब तपासावा, हें शक्य नाहीं. म्हणून १९९३ मध्यें खातेवार स्थायी समित्या निर्माण झाल्या. त्यांतील संरक्षणविषयक समितींत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० असे ३१ सदस्य असतात. विविध पक्षांना तींत स्थान असतें, मंत्र्यांना मात्र नसतें. फेब्रुवारींत अंदाजपत्रक मांडलें गेलें, कीं सभागृहें कांहीं आठवडे सुटतात. त्या अवधींत ही समिति बंद दारांआड बसते, सचिवांना व सेनाधिकाऱ्यांना समोर बोलावते, प्रश्न विचारते आणि आपला अहवाल सभागृहापुढें ठेवते. त्यांतील शिफारशींवर काय केलें, हें सरकारला तीन महिन्यांच्या आंत कळवावें लागतें.

या तपासणींतून काय निष्पन्न होतें, हें २०१८ सालच्या एका उदाहरणावरून कळेल. लष्कराकडील ६८ टक्के सामग्री जुनाट झाली आहे, असें त्या वर्षीं उपसेनाप्रमुखांनीं समितीला सांगितलें. नव्या सामग्रीसाठीं २१,३३८ कोटि रुपये मिळाले होते. पण आधींच ठरलेल्या खरेदीचे हप्तेच २९,०३३ कोटींचे होते. ज्या घरांत पगारापेक्षां हप्ता मोठा, त्या घरांत नवी वस्तु येणार कोठून? हें कटु सत्य १३ मार्च रोजीं अहवालाच्या द्वारें सर्वांपुढें आलें. परंतु दुसऱ्याच दिवशीं, १४ मार्चला, गोंधळाच्या वातावरणांत लोकसभेनें सर्व खात्यांच्या मागण्या चर्चेवांचून एकत्र संमत केल्या. या रीतीला ‘गिलोटिन’ म्हणतात. दिवा लावला गेला. पण त्याच्या उजेडांत वाचण्यास कोणी बसलें नाहीं.

येथेंच या समितीची मर्यादा दिसते. अमेरिकेंत प्रतिनिधिगृह व सिनेट या दोहोंच्या विनियोजन समित्यांना संरक्षणाची स्वतंत्र उपसमिति असते. खर्चाच्या विधेयकाचा मसुदा ती स्वतः करते. एका कलमांतील रक्कम कमी करून दुसऱ्यांत घालणेंहि तिला शक्य असतें. भारतांतील समिति केवळ सल्ला देते. लोकसभा स्वतः मागणींत कपात करूं शकते, मागणी नाकारूं शकते, पण ती वाढवूं शकत नाहीं. मात्र सल्ला म्हणजे व्यर्थ शब्द असेंहि नव्हे. ३१ मार्चला न खर्चिलेला पैसा परत जातो, म्हणून मोठ्या खरेदीसाठीं न बुडणारा निधि असावा, असें या समितीनें वारंवार सुचविलें. पंधराव्या वित्त आयोगानेंहि २०२१ मध्यें संसदेपुढें आलेल्या अहवालांत अशाच निधीची शिफारस केली.

खर्चाआधींचा पहारा हा असा. खर्चानंतरचा पहारा नियंत्रक व महालेखापरीक्षक करतात. त्यांचे अहवाल लोकलेखा समितीकडे जातात, आणि १९६७ पासून तिचें अध्यक्षपद विरोधी पक्षाच्या सदस्याकडे देण्याचा प्रघात आहे. २०१७ च्या अशाच एका अहवालानें दाखविलें, कीं दारूगोळ्याच्या सुमारें ४० टक्के प्रकारांचा साठा दहा दिवसांच्या युद्धालाहि पुरणारा नव्हता. शस्त्रनिर्माण कारखान्यांकडून ठरल्या प्रमाणांत पुरवठा झाला नाहीं, हेंहि त्यांत नमूद होतें.

त्यानंतर कारखान्यांचें रूपच बदललें. १ ऑक्टोबर २०२१ रोजीं शस्त्रनिर्माण मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या करण्यांत आल्या. अंबरनाथचा शस्त्रनिर्माण कारखाना ‘यंत्र इंडिया’कडे, तर मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी ‘आर्मर्ड व्हेइकल्स निगम’कडे गेली. कामगारांना प्रतिनियुक्तीवर मानून त्यांच्या सेवाशर्ती राखण्यांत आल्या. पूर्वीं कारखान्याचा खर्च थेट संरक्षणाच्या मागणींत दिसत असे; कंपनी झाल्यावर सैन्याकडून येणाऱ्या कामावर तिची मदार राहिली. महसुली खात्यांत दारूगोळ्यासाठीं किती पैसा ठेवला, हा आंकडा म्हणूनच अंबरनाथच्या यंत्राची चाल आणि डोंबिवलीच्या घरची चूल या दोहोंशीं निगडित झाला.

समितीचे अहवाल गुप्त नसतात. सभागृहापुढें आले कीं ते कोणासहि वाचतां येतात. ठाणें आणि कल्याण येथील मतदार आपापला प्रतिनिधि लोकसभेंत पाठवितात. अहवालांत काय लिहिलें होतें आणि मत देण्यापूर्वीं तें वाचलें होतें काय, एवढे दोन प्रश्न त्यानें आपल्या प्रतिनिधीला विचारले, तर १४ मार्चसारखा दिवस घडवून आणणें अवघड जाईल. सीमेवर सैनिक जागा असतो. त्याच्या हातीं शस्त्र पोंचतें कीं नाहीं, हें पाहण्यासाठीं घरांतल्या नागरिकानेंहि जागें असावें लागतें.