कपाटापलीकडचा खानदेश

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले आणि १९२७मध्ये त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ त्याच शहरात उभे राहिले. जळगाव जिल्ह्यातल्या एरंडोलहून पारोळ्यामार्गे महामार्ग त्याच धुळ्याला जातो. दुसऱ्या अंगाला अमळनेर आहे. तिथले तत्त्वज्ञान मंदिर १९१६पासूनचे. जळगावचे विद्यापीठ १९९०चे असून आज ते कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नावाने ओळखले जाते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतली महाविद्यालये त्याला जोडलेली आहेत. म्हणजे एरंडोल पुस्तकांच्या बाबतीत आडबाजूला मुळीच नाही. चहूबाजूंनी ग्रंथ आहेत आणि तिथवर एसटीही जाते. तरी एरंडोलला इतिहास शिकणाऱ्या मुलीला राजवाड्यांचा एखादा खंड हवा झाला, तर ती आधी आपल्या महाविद्यालयाच्या कपाटात बघणार आणि तिथे नसला तर मोबाइलवर शोधणार. या दोन्हींच्या मधला सगळा खानदेश तिला दिसतच नाही.

तो दिसावा यासाठीची यंत्रणा म्हणजे संयुक्त तालिका. अनेक ग्रंथालयांच्या पुस्तकांची एकच यादी आणि प्रत्येक पुस्तकापुढे ते कुठे कुठे आहे याची नोंद. ऐकायला साधी वाटणारी ही गोष्ट प्रत्यक्षात संगणकशास्त्र, भाषा आणि ग्रंथपालन या तिघांची परीक्षा पाहते. विद्यापीठ परिसरांत तिच्याबद्दल बोलताना ‘नवे सॉफ्टवेअर आले’ एवढेच सांगितले जाते, तेव्हा तिचा खरा रस हरवतो, असे मला वाटते.

संगणकावरच्या अशा तालिकेची सुरुवात अमेरिकेतल्या ओहायो राज्यात झाली. १९६७मध्ये तिथल्या महाविद्यालयांनी मिळून ‘ओसीएलसी’ ही संस्था काढली. तिचे प्रमुख फ्रेडरिक किल्गोर हे स्वतः ग्रंथपाल होते. एकाच पुस्तकाची नोंद पन्नास ठिकाणी पन्नास माणसांनी पुन्हा पुन्हा का लिहायची, हा त्यांचा प्रश्न होता. २६ ऑगस्ट १९७१ रोजी ओहायो विद्यापीठाच्या ग्रंथालयातून दूरच्या संगणकावर पहिल्यांदा थेट नोंदी झाल्या. त्या दिवसभरात १३३ पुस्तके नोंदली गेली. एकाने नोंद करायची, बाकीच्यांनी ती उतरवून घेऊन ‘आमच्याकडेही आहे’ एवढे जोडायचे. त्यातूनच पुढे जगभरच्या ग्रंथालयांची ‘वर्ल्डकॅट’ ही तालिका वाढली. भारतात हे काम गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटकडे आहे. १९९१मध्ये सुरू झालेल्या या केंद्राने विद्यापीठांसाठी ‘सोल’ हे सॉफ्टवेअर बनवले आणि ‘इंडकॅट’ ही देशातल्या विद्यापीठांची संयुक्त तालिका उभी केली.

या सगळ्याच्या मुळाशी एक नोंदपद्धती आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट अव्राम या संगणकतज्ज्ञ बाईंनी १९६०च्या दशकात ‘मार्क’ हा साचा तयार केला. माणसाला कार्ड वाचताना लेखक कुठला आणि प्रकाशक कुठला हे आपोआप कळते. यंत्राला ते सांगावे लागते. म्हणून मार्कमध्ये प्रत्येक माहितीला क्रमांक आहे. १००मध्ये लेखक, २४५मध्ये शीर्षक, ०२०मध्ये आयएसबीएन, ८५२मध्ये पुस्तक कुठे ठेवले आहे ते. एरंडोलची नोंद आणि एडिनबरोची नोंद एकाच साच्यात असेल, तर कोणतेही यंत्र ती वाचू शकते. एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याला नोंद मागायची पद्धतही ठरलेली आहे. तिचे नाव झेड ३९.५०.

खरी अडचण यानंतर येते. दोन ग्रंथालयांनी दोन नोंदी पाठवल्या, तर त्या एकाच पुस्तकाच्या आहेत हे ओळखायचे कसे? आयएसबीएन असला तर प्रश्न लगेच सुटतो. पण तो क्रमांक १९७०नंतरचा. जुन्या मराठी पुस्तकांवर तो नसतोच, आणि खानदेशातल्या जुन्या ग्रंथालयांची श्रीमंती नेमकी त्याच पुस्तकांत आहे.

राजवाड्यांचाच ग्रंथ घेऊ. मुखपृष्ठावर ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ असे जुन्या वळणाचे शीर्षक आहे. १९६२च्या लेखननियमांनी असे न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले, म्हणून आजचा कर्मचारी सहज ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ असे टंकतो. आपल्याला दोन्ही एकच. यंत्राला मात्र दोन वेगळ्या अक्षरमाळा दिसतात. यावर एक गणिती उपाय आहे. सोव्हिएत गणितज्ञ व्लादिमिर लेव्हेनश्टाइन यांनी १९६५मध्ये दोन अक्षरमाळांमधले अंतर मोजायची रीत मांडली. एका माळेची दुसरी करायला कमीत कमी किती चिन्हे घालावी, काढावी किंवा बदलावी लागतात, ते अंतर. इथे दोन अनुस्वार काढले की काम होते, म्हणजे अंतर फक्त दोन. एवढ्या लांब शीर्षकात ते नगण्य आहे, तेव्हा यंत्र म्हणते, बहुधा एकच पुस्तक.

पण हाच ग्रंथ बावीस खंडांचा आहे. ‘खंड १’ आणि ‘खंड २’ यांच्यातले अंतर केवळ एक! सूत्रावर आंधळेपणाने विसंबले तर वेगवेगळे खंड एकमेकांत गिळले जातील. म्हणून चांगली प्रणाली शीर्षकासोबत खंड, वर्ष, प्रकाशक आणि पृष्ठसंख्याही ताडून पाहते व प्रत्येकाला वेगळे वजन देते. त्यातही एका ग्रंथालयाने बावीस खंडांची एकच नोंद केली असेल आणि दुसऱ्याने बावीस नोंदी, तर शेवटी जाणत्या ग्रंथपालालाच बसून निर्णय घ्यावा लागतो.

याहून अवघड गोष्ट डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. जोतीराव फुल्यांचे ‘शेतकऱ्याचा असूड’ पाहा. त्यातला ‘ऱ्या’ संगणकावर एकाहून अधिक प्रकारे लिहिता येतो. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर असते. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडक असतो. पडद्यावर दोन्ही सारखेच उमटतात, आतले संकेत मात्र भिन्न. ग्रंथपालाने एका प्रकारे टंकले आणि विद्यार्थ्याने दुसऱ्या प्रकारे शोधले, तर समोरच्या कपाटातले पुस्तक ‘सापडले नाही’ असे उत्तर येते. युनिकोडचे ठरलेले नियम ‘ऱ’ आणि ‘नुक्ता दिलेला र’ यांना एक मानतात, पण अदृश्य जोडकाचे रूप त्यात बसत नाही. तो नियम मराठी जाणणाऱ्याने मुद्दाम घालावा लागतो. युनिकोडपूर्वीच्या फॉन्टांत टंकलेल्या याद्यांचे रूपांतर हे आणखी वेगळे काम.

नावांचेही तसेच. एरंडोलशेजारच्या धरणगावात जन्मलेले त्र्यंबक बापूजी ठोंबरे तालिकेत बालकवी म्हणूनही येतात, अमळनेरच्या शाळेत शिकवलेले साने गुरुजी पांडुरंग सदाशिव साने म्हणूनही. यासाठी प्रत्येक लेखकाची एक प्रमाण नोंद करून बाकीची सगळी रूपे तिला बांधतात. मग कोणत्याही नावाने शोधा, पुस्तके एकत्रच येतात. रोमन लिपीत कुणी ‘च’साठी एक अक्षर लिहितो, कुणी दोन. त्यांचाही मेळ अशाच बांधणीतून लागतो.

इतके सविस्तर सांगायचे कारण असे की संयुक्त तालिकेचा प्रसार अनेकदा चुकीच्या टोकाने सुरू होतो. उद्घाटन होते, भित्तिपत्रक लागते, प्राध्यापकांना एक दुवा पाठवला जातो. विद्यार्थी एकदा शोधतो, ‘ऱ्या’मुळे किंवा अनुस्वारामुळे काही सापडत नाही, आणि तो पुन्हा तिकडे फिरकत नाही. पहिल्या शोधात पुस्तक मिळणे हीच या व्यवस्थेची खरी जाहिरात. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१मध्ये मांडलेल्या पाच नियमांपैकी चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल आहे, आणि तो इथे अक्षरशः लागू पडतो. पुस्तक धुळ्यात आहे एवढे कळून भागत नाही. ते आज जागेवर आहे की कुणी नेले आहे, बाहेरच्या विद्यार्थ्याला तिथे बसून वाचता येते का, आंतरग्रंथालयीन देवघेवीत मागवता येते का, हेही त्याच पडद्यावर दिसायला हवे. एरंडोलहून धुळ्याला जाऊन रिकाम्या हाताने परतणाऱ्या मुलाचा अख्खा दिवस आणि तिकिटाचे पैसे जातात.

ग्रंथपालांच्या मनातली धास्तीही खरी असते. आपली पुस्तके बाहेर जातील, किंवा आपला संग्रह किती लहान आहे ते सगळ्यांना दिसेल, असे वाटते. तालिका सामायिक झाली म्हणून पुस्तकांची मालकी सामायिक होत नाही आणि पुस्तक द्यायचे की नाही हे ज्याचे तोच ठरवतो, हे त्यांना स्पष्ट सांगायला हवे. नॅकच्या मूल्यांकनात ग्रंथालयाच्या संगणकीकरणाबद्दल विचारणा होते, त्यामुळे पुष्कळ महाविद्यालयांत सॉफ्टवेअर आधीच बसलेले असते. त्याच्या नोंदी मार्कमध्ये असल्या तर बाहेर पाठवणे हे फार मोठे काम नाही. उलट तयार नोंदी उतरवून घेता आल्यामुळे एकट्या ग्रंथपालाचे टंकण्याचे कष्ट वाचतात. प्राध्यापकांनी पहिल्या सत्रातच एक काम दिले, की विषयावरची पाच पुस्तके तालिकेतून शोधा आणि ती कुठे आहेत ते लिहा, तर मुले ही सवय घेऊनच पुढच्या वर्षात जातील.

आणि खानदेशाने सुरुवात कुठून करावी, याबद्दल माझे मत पक्के आहे. इंग्रजी पाठ्यपुस्तकांच्या नोंदी जगात आयत्या मिळतात, त्यांच्यावर आपल्या माणसांचा वेळ घालवू नये. स्थानिक छापखान्यांत निघालेल्या पुस्तिका, स्मरणिका, जुन्या शाळांची हस्तलिखिते आणि अहिराणी पुस्तके यांची नोंद दुसरे कुणी करणार नाही. अहिराणीला आंतरराष्ट्रीय भाषासंकेतांत ‘एएचआर’ असा स्वतःचा तीन अक्षरी संकेत आहे आणि मार्कच्या ०४१ या रकान्यात तो नोंदता येतो. तो न भरता अहिराणी कवितांच्या पुस्तकापुढे नुसते ‘मराठी’ लिहिले, तर अहिराणी म्हणून शोधणाऱ्याला ते पुस्तक मिळत नाही. एरंडोल, पारोळा, अमळनेर आणि धरणगाव इथल्या महाविद्यालयांनी आपापल्या कपाटांतून अशी पुस्तके बाजूला काढली आणि अहिराणी बोलणाऱ्या विद्यार्थ्यांनाच ग्रंथपालांच्या शेजारी बसवून हे रकाने भरून घेतले, तर येत्या सुट्टीत कामाला हात घालता येईल.