अली की मार्सियानो? विचारा कम्प्युटरला!

‘अली भारी की टायसन?’ कट्ट्यावर हा वाद तुम्हीही घातला असेल. मिटला का कधी? १९६९ मध्ये अमेरिकेत असाच एक वाद चक्क कम्प्युटरकडे गेला. एकीकडे ४९ पैकी ४९ लढती जिंकून निवृत्त झालेला रॉकी मार्सियानो. दुसरीकडे मुहम्मद अली, तोही तेव्हा अपराजित. पण व्हिएतनाम युद्धाला नकार दिला म्हणून त्याला रिंगबंदी. दोघांनी कॅमेऱ्यासमोर खोट्या राउंड खेळल्या. रॉकीने त्यासाठी वजन उतरवलं, टकलावर विगसुद्धा चढवला! शेवट मात्र वेगवेगळे शूट केले. जानेवारी १९७० मध्ये अमेरिकेतल्या थिएटरांत १३व्या राउंडला अली आडवा. युरोपातल्या आवृत्तीत अलीच जिंकला. घ्या! रॉकीला निकाल कळलाच नाही. ऑगस्ट १९६९ मध्येच तो विमान अपघातात गेला होता.