‘आता नुसत्या गोळ्याच राहिल्यात!’

लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात, विशेषतः ‘एएलएल’ या प्रकारात, इस्पितळातले सलाइनचे महिने सरले की ‘मेंटेनन्स’ सुरू होतो. मूल शाळेत जाऊ लागतं आणि साधारण दोन वर्षं औषध आईवडिलांच्या हाती असतं: रोज मर्कॅप्टोप्युरिन, म्हणजे पालकांच्या तोंडची ‘सिक्स-एमपी’, आणि आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट. नातेवाईक सुटकेचा श्वास टाकतात, ‘आता नुसत्या गोळ्याच राहिल्यात!’

या गोळ्याही केमोच आहेत. शरीरात लपून राहिलेल्या मोजक्या पेशी मारण्याचं काम त्यांचंच असतं, म्हणून रिपोर्ट नॉर्मल आला तरी त्या थांबत नाहीत. अमेरिकेत डॉ. स्मिता भाटिया यांच्या गटाने सिक्स-एमपीच्या बाटलीच्या झाकणातच चिप बसवली. बाटली कधी उघडली याची नोंद आपोआप होई. ज्या मुलांनी ९५ टक्क्यांपेक्षा कमी डोस घेतले, त्यांच्यात आजार उलटण्याचा धोका दुपटीहून अधिक निघाला. महिन्याला दोन डोस चुकले तरी माणूस या रेषेखाली जातो. ‘एखाद्या दिवशी राहिली तर काय बिघडतं?’ याचं उत्तर इतकं सरळ आहे.

याउलट ‘रात्रीच, उपाशीपोटीच, दुधाशिवायच’ हा सिक्स-एमपीचा जुना दंडक. त्याच संशोधकांच्या पुढच्या अभ्यासात या पथ्याचा आजार उलटण्याशी संबंध दिसला नाही. दुधावरून रोज रडारड होत असेल, तर डॉक्टरांना विचारून सोयीची एक वेळ ठरवावी आणि ती पाळावी.

सगळ्यात घातक गल्लत मेथोट्रेक्सेटची. ही गोळी आठवड्यातून एकदाच. पण बाकीची औषधं रोजची असल्याने हीही कधीकधी चुकून रोज दिली जाते, आणि मग तोंड सोलवटतं, रक्तपेशी कोसळतात, जीवही जाऊ शकतो. संधिवातातही ती साप्ताहिकच असते. ब्रिटनच्या रुग्णसुरक्षा यंत्रणेने २००४ च्या अहवालात तोंडाने घेतल्या जाणाऱ्या मेथोट्रेक्सेटच्या चुकांमुळे दहा वर्षांत झालेले २५ मृत्यू नोंदवले होते. डॉक्टरांकडून वार लिहून घ्यावा, ‘मंगळवार’ असा ठळक, आणि त्याच दिवशी कॅलेंडरवर खूण करावी. चुकून जास्त दिली गेली, तर त्रास होण्याची वाट न पाहता तडक इस्पितळात न्यावं.

रक्तपेशींचे काउंट पडले म्हणून डोस स्वतः बंद करू नये, वाढले म्हणून वाढवूही नये. सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजणारी तपासणी, बघून डोस बदलणं हा उपचाराचाच भाग आहे, पण तो निर्णय डॉक्टरांचा. उलटी झाली तरी फोन न करता दुसरा डोस देऊ नये.

‘काढ्याने काय नुकसान?’ होऊ शकतं. २०२० मध्ये मुंबईत गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद डॉक्टरांनी प्रसिद्ध केली आहे, आणि या दोन्ही गोळ्यांचा भारही यकृतावरच पडतो. युरिक ॲसिडसाठीची ॲलोप्युरिनॉल तर सिक्स-एमपीची मात्रा शरीरात धोकादायक वाढवते. कुठलंही नवं औषध सुरू करण्याआधी विचारलंच पाहिजे.

ही केमो आहे, म्हणून गोळी हातमोजे घालून द्यावी. घरच्या खलबत्त्यात कुटू नये. गिळता येत नसेल तर काय करायचं ते फार्मासिस्टकडून शिकून घ्यावं. गरोदर बाईने हात लावू नये.

आणि ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला, तर घरी पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नका. रात्री दोन वाजले असले तरी इस्पितळ गाठा.