मातीतले हात

सकाळी अंथरुणातून उठताच दोन्ही तळहातांचे दर्शन घ्यावे, अशी चाल आपल्याकडे पूर्वापार आहे. माझी आजी आम्हां मुलांकडून ती नेमाने पाळून घेत असे. पुढे शिक्षण झाले, सरकारी नोकरी लागली आणि ती चाल मागे पडली. अलीकडे मी ती पुन्हा सुरू केली आहे. मात्र सकाळी नव्हे, तर संध्याकाळी, बागेतले काम आटोपल्यावर. हा फरक का पडला ते आधी सांगतो.

बदलीच्या निमित्ताने आम्ही बंगळूरला आलो आणि शहराच्या पूर्वेस के. आर. पुरम, म्हणजेच कृष्णराजपुरम, या उपनगरात बिऱ्हाड केले. घरामागे थोडी मोकळी जागा होती. तेथील माती तांबडी. लालबागेच्या टेकडीवर जो खडक दिसतो, त्या जातीचे अतिप्राचीन खडक युगानुयुगे झिजून ही माती झाली आहे आणि तिच्यातील लोहाचा गंज तिला रंग देतो. हा रंग बोटांच्या रेषांत आणि नखांच्या कडांत असा बसतो की, दोन वेळा साबण लावला तरी हात स्वच्छ झाल्यासारखे वाटत नाहीत. हात घासून घासून गोरे करण्याचा मोह बागेत काम करणाऱ्याला होतो तो यामुळेच.

त्या जागेत गाजरगवत माजले होते. आमची त्याची ओळख जुनी. या गवताची भारतातील शास्त्रीय नोंद 1956 साली पुण्याहून झाली, आणि माझे बालपण पुण्याचेच. कोणी त्याला चटकचांदणी म्हणतात, कोणी काँग्रेस गवत. बंगळूरकडेही ते काँग्रेसच्याच नावाने ओळखले जाते. पहिल्या पावसाळ्यात मी ते उघड्या हातांनी उपटले. काहीच झाले नाही. दुसऱ्या वर्षी तसेच उपटले, तेव्हा बोटांच्या पाठी आणि मनगटे खाजू लागली, मग पापण्या सुजल्या, मानेवर चट्टे उठले. बोटांना भेगा पडून लेखणी धरवेना. धनादेशावरची माझी सही जुळत नाही म्हणून बँकेने तो परत केला, तेव्हा कारकुनी पेशाच्या माणसाला हातांची किंमत कळली.

डॉक्टरांनी जे सांगितले ते मनावर कोरले गेले आहे. या गवतात पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. प्रथम स्पर्शाने बहुधा काही होत नाही. त्या काळात शरीर त्या द्रव्याची ओळख करून घेत असते. एकदा ओळख पटली की पुढे अल्पशा स्पर्शानेही त्वचा पेटून उठते आणि ही ओळख वर्षानुवर्षे पुसली जात नाही. तात्पर्य, ‘मला आजवर काही झाले नाही’ हा निर्धास्त राहण्याचा पुरावा नव्हे.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर दगडी बांधासारखा असतो. मृत, चपट्या पेशी हे त्याचे दगड आणि त्यांच्यामधील स्निग्ध द्रव्य हा त्याचा चुना. कोरडी माती हा चुना शोषून घेते. पाण्यात फार वेळ राहिल्याने तो सैल होतो. आणि कडक साबण, कपडे धुण्याची पूड किंवा रॉकेल यांनी हात चोळले की तो धुऊनच जातो. बांध फुटला की मातीतील जंतूंना आणि वनस्पतींच्या चिकांना आत जाण्याची वाट मोकळी होते. म्हणून हातांची निगा म्हणजे मळ काढणे नव्हे, बांध राखणे होय. आणि ते काम बागेत जाण्यापूर्वीच सुरू होते.

नखे आधी बारीक कापावीत. नंतर साबणाच्या ओल्या वडीवर ती खरवडावीत, म्हणजे नखांखाली साबण बसतो आणि मातीला जागा उरत नाही. धुताना तो सहज निघून येतो. हातांना खोबरेल तेलाचे पुसट बोट लावावे. अंगठी काढून ठेवावी, कारण तिच्याखाली ओल आणि माती साचते.

हातमोजे कामानुरूप निवडावेत. साध्या खुरपणीला सुती पुरतात. गुलाब, बोगनवेल यांच्या छाटणीला जाड चामडी हवेत. कीटकनाशक हाताळताना मात्र रबरीच हवेत. कापडी मोजा औषध शोषून घेतो आणि ते त्वचेशी धरून ठेवतो, म्हणजे नसता तर बरे अशी गत होते. गाजरगवत उपटावयाचे ते फुलोऱ्यापूर्वी, जमीन ओली असताना, रबरी मोजे आणि लांब बाह्यांचा सदरा घालून. ज्याला त्याची बाधा एकदा झाली आहे, त्याने ते काम दुसऱ्यावर सोपवावे हेच शहाणपणाचे.

काम संपल्यावर कोमट पाणी आणि सौम्य साबण घ्यावा. कढत पाणी नको. नखांसाठी मऊ कुंचली वापरावी. डाग राहिलेच तर तेलात थोडी साखर घालून हलक्या हाताने चोळावे. उरलेला तांबूसपणा दोन दिवसांत आपोआप जातो. त्यासाठी कातडी सोलू नये. हात टिपून घ्यावेत आणि किंचित ओलसर असतानाच पुन्हा तेल लावावे, म्हणजे ती ओल आत टिकते.

डाग घालवण्यासाठी लिंबाची फोड चोळण्याची सवय पुष्कळांना असते. तिच्यात एक धोका आहे. लिंबाच्या रसातील, तसेच अंजिराच्या चिकातील काही द्रव्ये त्वचेवर असताना ऊन लागले, तर भाजल्यासारखे फोड येतात आणि काळे डाग कित्येक आठवडे राहतात. लिंबू लावलेच तर हात धुतल्यावाचून उन्हात जाऊ नये.

सर्वांत गंभीर गोष्ट शेवटी. धनुर्वाताचे बीजाणू मातीत आणि शेणखतात असतात. पाणी उकळले तरी ते सहज मरत नाहीत. जेथे हवा पोचत नाही अशा खोल, बारीक जखमेत ते रुजतात. बाभळीचा काटा किंवा गंजका खिळा टोचला की रक्त फारसे येत नाही आणि आपण ते विसरून जातो. नवजात बालकांच्या आणि बाळंतिणींच्या धनुर्वाताचे आपल्या देशातून उच्चाटन झाल्याचे 2015 साली जाहीर झाले, परंतु प्रौढांना तो अद्याप होतो. शिवाय हा रोग माणसाकडून माणसाला होत नाही. त्यामुळे शेजाऱ्याने लस घेतली म्हणून आपले रक्षण होत नाही. लहानपणच्या लसी पूर्ण झालेल्या प्रौढाने दर दहा वर्षांनी लस घ्यावी आणि काटा खोल गेला तर जखम धुऊन डॉक्टरांना दाखवावी.

माझे हात महिन्याभरात सुधारले. मला रजा होती, औषधे होती. आमच्याकडे आठवड्यातून दोनदा एक वृद्ध माळी येत असे. बरा होऊन मी पुन्हा बागेत गेलो आणि माझ्या मनगटावरचे चट्टे पाहून तो हसला. मग त्याने सदऱ्याची बाही वर केली. माझ्या हातांवर होते तेच, पण काळवंडलेले आणि सालीसारखे जाड झालेले. किती वर्षे झाली, असे मी मोडक्या कन्नडमध्ये विचारले. त्याने बोटे मोजली आणि मध्येच सोडून दिली. त्याच्या हातून मी रोपे घेतली होती, त्याच्या हाती पैसे ठेवले होते. पण ते हात मी कधी पाहिले नव्हते. कुंड्यांवर इतका खर्च केला, हातमोज्यांच्या जोडीची मात्र आठवण झाली नव्हती.

त्याच आठवड्यात मी मोज्यांच्या दोन जोड्या आणल्या, एक त्याच्यासाठी आणि एक माझ्यासाठी. आणि त्याला त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. गाजरगवत आता आम्ही दोघेही उपटत नाही. ज्याला बाधा नाही असा एक तरुण गडी पूर्ण मोजे घालून ते काम करतो. संध्याकाळी नळाशी आम्ही हात धुतो तेव्हा दोघांचेही तळहात उजेडात धरून पाहतो. भेग आहे का, काटा राहिला आहे का, कोठे लाली आहे का? श्रोतेहो, आपल्या बागेत आपण स्वतः राबत असाल तर आपले हात रोज पाहा. आणि दुसरे कोणी राबत असेल, तर त्याचेही हात पाहा.