समजुतीलाच परीक्षेला बसवा

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात मोठं वनस्पती उद्यान आहे. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला १९ वर्षांचा एक लाजाळू मुलगा तिथे रोज जाऊ लागला. अनोळखी मुलीशी बोलायचं म्हटलं की त्याचे हातपाय गळत. ‘तिनं झिडकारलं तर ते मला सहन होणार नाही,’ ही त्याची पक्की समजूत होती. मग त्यानं स्वतःलाच गृहपाठ दिला. बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली की शेजारी जाऊन बसायचं आणि मिनिटभराच्या आत बोलायला सुरुवात करायची. महिनाभरात तो १३० जणींजवळ जाऊन बसला. ३० जणी लगेच उठून गेल्या, उरलेल्या १०० जणींशी तो बोलला. पुन्हा भेटायला एकच तयार झाली आणि तीही आली नाही. पण प्रयोग फसला नव्हता. इतके नकार पचवूनही आपलं काही बिघडलेलं नाही, हे त्यानं स्वतः अनुभवलं होतं आणि त्याची भीती विरली होती.

हा मुलगा म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेला मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस (१९१३–२००७). त्यानं १९५५मध्ये मांडलेली उपचारपद्धती मराठीत ‘विवेकनिष्ठ मानसोपचार’ म्हणून ओळखली जाते. मुंबईत कि. मो. फडके यांनी ती रुजवली. ठाण्याच्या आयपीएच संस्थेचे डॉ. आनंद नाडकर्णी यांनी लेखनातून आणि व्याख्यानांतून ती सामान्य वाचकांपर्यंत नेली. अंजली जोशी यांच्या ‘मी अल्बर्ट एलिस’ या कादंबरीमुळे तर हा माणूस अनेक मराठी घरांत ओळखीचा झाला.

या पद्धतीचा गाभा सोपा आहे. घटना घडते आणि तिच्यामुळे आपल्याला वाईट वाटतं, असं आपण धरून चालतो. एलिसच्या मते या दोहोंच्या मध्ये आपली समजूत उभी असते. समजा, पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे दोघे मित्र पूर्वपरीक्षेतच अडकले. ‘अभ्यासाची दिशा चुकली,’ असं मानणारा खट्टू होतो, पण जुन्या प्रश्नपत्रिका काढून बसतो. ‘मी कशाच्याच लायकीचा नाही,’ असं मानणारा खोलीचं दार लावून घेतो. निकाल दोघांचा एकच, पण पुढचं वर्ष वेगवेगळं जातं.

समजुतीची पोहोच मनापुरतीही थांबत नाही. अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांना औषध नसलेलं इंजेक्शन दिलं, तरी त्यांच्यातल्या काहींचं दुखणं कमी झालं. अफूवर्गीय द्रव्यांचा परिणाम रोखणारं नॅलोक्सोन हे औषध मग त्यांना दिलं, तेव्हा दुखणं पुन्हा वाढलं. कॅलिफोर्नियातल्या लेविन, गॉर्डन आणि फील्ड्स या संशोधकांनी १९७८मध्ये हे दाखवलं. ‘आता बरं वाटेल’ या अपेक्षेनं मेंदू स्वतःची वेदनाशामकं सोडतो, असा त्याचा अर्थ निघतो.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिनच्या गोळ्या त्रास होतो म्हणून सोडून दिलेल्या ६० जणांवर लंडनच्या इम्पिरियल कॉलेजनं एक चाचणी केली. तिचे निष्कर्ष २०२०मध्ये प्रसिद्ध झाले. या रुग्णांना वर्षभरात चार महिने खरी गोळी दिली, चार महिने तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी दिली आणि चार महिने काहीच दिलं नाही. खऱ्या गोळीनं जेवढा त्रास झाला, त्यातला सुमारे ९० टक्के त्रास औषध नसलेल्या गोळीनंही झाला. वेदना खोट्या नव्हत्या, त्यांचं कारण मात्र बहुतांशी अपेक्षेत होतं. स्वतःच्या नोंदी दाखवल्यावर यातल्या निम्म्या जणांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या.

समजुती इतक्या चिवट का असतात? ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६०मध्ये २९ विद्यार्थ्यांना २, ४, ६ हे आकडे दिले आणि त्यांच्यामागचा नियम शोधायला सांगितलं. स्वतः तीन-तीन आकडे सुचवायचे, ते नियमात बसतात की नाही एवढंच वेसन सांगणार. ‘दोन-दोननं वाढणारे आकडे,’ असं मनाशी ठरवून बहुतेकांनी ८, १०, १२ यांसारखे आकडे सुचवले. उत्तर दर वेळी ‘बरोबर’ आलं आणि खात्री वाढत गेली. खरा नियम फक्त ‘चढते आकडे’ एवढाच होता. पहिल्याच खेपेला तो फक्त सहा जणांनी सांगितला. १, ७, २० असं काही विचारून आपलाच अंदाज खोटा ठरतो का, हे पाहण्याचं बाकीच्यांच्या मनात आलं नाही.

जगण्यातही असंच होतं. ‘मला चारचौघांत बोलता येत नाही,’ असं मानणारा माणूस व्यासपीठाकडे फिरकतच नाही. त्यामुळे त्याची समजूत खोटी ठरण्याची वेळच येत नाही. टाळाटाळीवर ती पोसली जाते.

मग आरशासमोर उभं राहून ‘मी उत्तम आहे’ असं घोकावं का? कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या जोअॅन वूड आणि सहकाऱ्यांनी २००९मध्ये याची चाचणी घेतली. ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे,’ हे वाक्य मनाशी म्हणायला लावल्यावर, स्वतःबद्दल आधीच चांगलं मत असणाऱ्यांना किंचित बरं वाटलं. ज्यांच्या मनात न्यूनगंड होता, त्यांना उलट अधिक वाईट वाटलं. ज्याला या घोकंपट्टीची गरज आहे असं आपण समजतो, त्यालाच ती बाधते.

समजूत बदलते ती कृतीतून. याचा भक्कम पुरावा आपल्या शेजारी गोव्यात मिळाला आहे. ‘संगथ’ या संस्थेनं तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ रुग्णांचे दोन गट करून चाचणी घेतली. एका गटाला नेहमीच्या उपचारांसोबत समुपदेशन मिळालं. समुपदेशक मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, थोडं प्रशिक्षण घेतलेली साधी माणसं होती. ‘काही करून उपयोग नाही,’ असं रुग्णाला वाटत असतं, म्हणून तो हातपाय हलवायचं सोडतो आणि आणखी खचतो. समुपदेशकांनी या वाटण्याशी वाद घालत बसण्यापेक्षा रोज करता येतील अशी छोटी कामं रुग्णासोबत ठरवली आणि त्यानंतर मनःस्थिती कशी होती, हे त्याच्याबरोबर पाहिलं. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्या गटातल्या ६४ टक्के रुग्णांचं नैराश्य ओसरलं होतं. फक्त सुधारित नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होतं. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं ही चाचणी प्रसिद्ध केली.

हीच रीत आपल्यालाही वापरता येते. आधी समजूत भाकिताच्या रूपात कागदावर लिहा. ‘मी भित्रा आहे,’ हे तपासता येत नाही. ‘सोसायटीच्या सभेत प्रश्न विचारला तर सगळे हसतील,’ हे तपासता येतं. मग सोपी, सुरक्षित चाचणी ठरवा आणि ती पार पाडा. जे प्रत्यक्ष घडलं ते भाकिताशेजारी लिहा. एका अनुभवावर थांबू नका. जुनी भीती मेंदूतून पुसली जात नाही, तिच्याशेजारी नवा धडा लिहिला जातो. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह यांच्या प्रयोगांतल्या कुत्र्यांमध्येही, लावलेली आणि नंतर विझलेली सवय काही काळानं पुन्हा डोकं वर काढत असे. म्हणून वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या माणसांसमोर चाचणी पुन्हा करावी लागते. भीती परतली तर आपण हरलो असं मानू नये.

या शास्त्राच्या मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. ‘बुद्धी प्रयत्नांनी वाढते,’ हा विचार शिकवून काय होतं, हे अमेरिकेतल्या नववीच्या सुमारे १२ हजार मुलांच्या अभ्यासात तपासलं गेलं. तो शिकवलेल्यांपैकी शाळेत मागे असलेल्यांचे गुण वाढले, पण थोडेच. त्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१९मध्ये प्रसिद्ध झाले. गरिबी, भेदभाव, आजार या समजुती नाहीत, ते वास्तव आहे. त्याखाली पिचलेल्या माणसाला ‘विचार बदल’ असं सांगणं हा अन्याय आहे. आणि नैराश्य खोल असेल तर एकट्यानं झुंजू नये. सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठीच आहे.

पण ज्या समजुतीनं वर्षानुवर्षं तुमची वाट अडवली आहे, तिच्याकडे एकदा पुरावा मागा. या आठवड्यात एकच भाकीत लिहा आणि ते प्रत्यक्ष तपासून पाहा.