माझगावात जुळलेली जीप

1947 साली अमेरिकेच्या विलीज-ओव्हरलँड कंपनीकडून 75 जीपचे सुटे भाग भारतात आले. पुढे मुंबईत माझगावला जुळणीचा कारखाना उभा राहिला, आणि मग कांदिवलीला मोठा. मागवणारी कंपनी 1945 साली स्थापन झाली तेव्हा तिचं नाव होतं 'महिंद्रा अँड मोहम्मद'. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री आणि नंतर गव्हर्नर जनरल झाले. 1948 साली पाटीवर दोन्हीकडे महिंद्राच आले. आद्याक्षरं बदलावी लागली नाहीत, एवढी सोय झाली.

आपल्याकडे खरी रुजली ती सीजे-3बी. तिचं बॉनेट युद्धातल्या जीपपेक्षा बरंच उंच. त्यात नखरा काही नव्हता. नव्या इंजिनात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये गेले, इंजिन उंच झालं आणि जुन्या बॉनेटखाली मावेना. अमेरिकेत हे मॉडेल 1968 साली बंद पडलं. इथे त्याचा वंश कितीतरी वर्षं चालला, कारण जाड फ्रेम, पुढेमागे पाटे, साधी गिअरपेटी असा सगळा उघडा मामला तालुक्याच्या मेस्त्रीला पाहूनच कळे. पेट्रोल मात्र ती बेसुमार प्यायची. प्यूजोच्या परवान्यावरचं डिझेल इंजिन आलं आणि मालकांचा जीव भांड्यात पडला.

त्यानंतरची जीप फक्त साहेबांची आणि प्रचाराची राहिली नाही. मागे लांबवलेली 'कमांडर' सातारा-कोल्हापूरकडे वडापला, म्हणजे खासगी प्रवासी वाहतुकीला लागली. आत बसलेल्यांइतकेच मागे लटकलेले! कंपनीच्या जाहिरातींपेक्षा या वडापवाल्यांनीच गाडीचा दणकटपणा सिद्ध केला, असं माझं मत आहे. 2000 साली आलेली बोलेरो गावोगाव खपली ती याच पुण्याईवर.

2018 साली महिंद्राने अमेरिकेत 'रॉक्सर' आणली. रस्त्यावर चालवायची नाही, शेत-रानातच फिरवायची, अशी ती गाडी. तेव्हा जीपचं नाव फियाट क्रायस्लरकडे होतं. ही आमच्या जीपची नक्कल आहे, अशी तक्रार त्यांनी केली. महिंद्राने चाळीसच्या दशकापासूनच्या परवान्याचा दाखला दिला, पण 2020 साली तिथल्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाचा निकाल विरुद्ध गेला आणि रॉक्सरचा चेहरामोहरा बदलावा लागला. त्याच वर्षी 2 ऑक्टोबरला, कंपनीच्या स्थापनादिनी, इकडे जीपच्याच वळणाची नवी 'थार' बाजारात आली. ती नाशिकच्या कारखान्यात बनते.