अकरा पानांची पोथी

गणपती नुकतेच गेले होते. कॉलेजातून घरी येऊन मी चहाचा पहिला घोट घेतो न घेतो, तोच भाचीचा फोन आला.

"मामा, सोमवारी बाळाचे दुसरे थेंब आहेत. पण द्यायचे की नाही, तेच ठरत नाहीये."

"कसले थेंब? पोलिओचे?"

"ते तर आहेतच. हे रोटाचे."

मग तिने सगळी हकीकत सांगितली. त्यांच्या वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडातल्या नातवाने रोटाचे तिन्ही डोस वेळेवर घेतले होते. तरी गेल्या थंडीत त्याला जुलाब झाले आणि दोन दिवस सलाईनवर ठेवावे लागले. तेव्हापासून भाचीच्या सासूबाईंचे एकच पालुपद, "मग त्या थेंबांचा उपयोग काय?" त्यात जावईबापूंनी कुठेतरी वाचले की, लस आल्यापासून या विषाणूने रूपच बदलले आहे.

"रूप बदलल्यावर जुनी लस कशी पुरणार, मामा?"

"अगं, मी मराठीचा मास्तर! हे डॉक्टरांना विचार."

"डॉक्टर 'द्या' म्हणतात. का द्या, ते सांगायला त्यांना वेळ नाही. तू शब्दांची रूपं बघतोस ना आयुष्यभर? मग याचीही बघ."

आई पलीकडे मेथी निवडत बसली होती. फोन ठेवल्यावर तिने विचारले, "काय म्हणत होती पोर?" मी सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग मेथीची जुडी बाजूला सारून म्हणाली, "मधूला जुलाबच झाले होते."

मधू म्हणजे माझा थोरला भाऊ. मी त्याला पाहिलेले नाही. १९७६ साली, दहा महिन्यांचा असताना तो गेला. आधी उलट्या, मग ताप, मग पाण्यासारखे जुलाब. टाळू खोल गेली, रडताना डोळ्यांतून पाणी येईना. जुलाब होत असताना पोराला पाणी द्यायचे नाही, पोटाला विश्रांती द्यायची, अशी त्या काळची समजूत. "तो पाण्याच्या भांड्याकडे हात करत होता," आई म्हणाली, "आणि मी भांडं उचलून फळीवर ठेवलं."

पन्नास वर्षांत तिने हे मला कधी सांगितले नव्हते. भाचीला उत्तर देणे आता भाग होते. आठ-दहा दिवस मी आमच्या कॉलेजातल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापकांचा पिच्छा पुरवला, वाचनालयात बसलो, आणि जे कळले ते वहीत उतरवून काढले. तेच इथे मांडतो आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी हा प्रश्न आज ना उद्या येणारच.

मधूला कोणत्या जंतूने नेले हे आता कळायला मार्ग नाही. तेव्हा कोणी तपासतही नसे. परंतु तान्ह्या मुलांच्या गंभीर अतिसाराचे एक मोठे कारण जगाला तेव्हा नुकतेच समजले होते. १९७३ साली मेलबर्नमध्ये डॉ. रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आजारी मुलांच्या आतड्याचे सूक्ष्म तुकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले, आणि पेशींत विषाणूंची दाटी दिसली. पुढे तो विषाणू चाकासारखा दिसतो म्हणून लॅटिन भाषेतील 'रोटा', म्हणजे चाक, या शब्दावरून त्याचे नाव रोटाव्हायरस पडले.

हा विषाणू गरीब-श्रीमंत पाहत नाही. पाच वर्षांची होईपर्यंत जगातल्या जवळजवळ प्रत्येक मुलाला त्याची लागण होऊन जाते. पाणी उकळले, हात धुतले, तरी तो पुरता अडत नाही. फरक पडतो तो पुढे, उपचार वेळेवर मिळतात की नाही यात. लस येण्यापूर्वीच्या एका अंदाजानुसार आपल्या देशात दर वर्षी पाच वर्षांखालील सुमारे ७८ हजार मुले या एका विषाणूने दगावत, आणि आठ लाखांहून अधिक मुलांना रुग्णालयात दाखल करावे लागे.

आता त्याच्या रूपांविषयी. इथे मात्र मला माझ्या विषयाची मदत झाली.

जुन्या पोथ्या आपण पाहिल्या असतील. पाने सुटी असतात, वरखाली दोन फळ्या आणि भोवती कापड. रोटाव्हायरसची पोथी बरोबर अकरा पानांची. त्याचा सारा आनुवंशिक मजकूर अकरा सुट्या तुकड्यांत लिहिलेला असतो. प्रत्येक नवा विषाणू तयार होताना ही अकरा पाने पुन्हा नकलून काढली जातात, आणि नकलणारा हात फार चुका करणारा असतो. इथे काना गळला, तिथे मात्रा चढली. आम्ही ज्याला पाठभेद म्हणतो ते असेच जन्माला येतात. ज्ञानेश्वरीत असे पाठभेद शिरले, म्हणून एकनाथांनी १५८४ साली शुद्ध प्रत तयार केली. विषाणूला मात्र कोणी एकनाथ नसतो. चुका साचत जातात.

दुसरी गंमत याहून मोठी. एकाच मुलाच्या आतड्यात दोन निरनिराळे रोटाव्हायरस एकाच वेळी शिरले, तर दोन पोथ्या एकाच चौरंगावर सोडल्यासारखे होते. पाने मिसळतात, आणि काही पाने या पोथीची, काही त्या पोथीची, अशी तिसरीच पोथी बांधली जाते. गाय, डुक्कर, घोडा यांनाही त्यांचे त्यांचे रोटाव्हायरस होतात. त्यांचे एखादे पानही क्वचित माणसाच्या पोथीत येऊन बसते.

या पोथ्या ओळखायच्या कशा? शास्त्रज्ञ बाहेरच्या दोन प्रथिनांवरून ओळखतात. एकाला 'जी' म्हणतात, दुसऱ्याला 'पी'. जी-१ पी-८, जी-२ पी-४, अशी नावे पडतात ती त्यामुळे. आजवर चाळीसहून अधिक जी आणि पन्नासहून अधिक पी सापडले आहेत. मुलांना वारंवार आजारी पाडणाऱ्या जोड्या मात्र थोड्या आहेत.

आता आपल्या थेंबांची गोष्ट. १९८५-८६ च्या सुमारास दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. महाराज किशन भान आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक नवल आढळले. तिथल्या काही नवजात बालकांना रोटाव्हायरसची लागण झाली होती, पण एकालाही जुलाब नव्हते. पुढे हीच बालके या विषाणूच्या गंभीर आजारापासून बरीच सुरक्षित राहिली. त्या सौम्य विषाणूला '११६-ई' असे नाव मिळाले. त्याची पोथी उलगडली तेव्हा दहा पाने माणसाच्या विषाणूची आणि एक गाईच्या विषाणूचे निघाले. पानांची अदलाबदल निसर्गानेच करून ठेवली होती!

त्यापासून लस व्हायला पंचवीस-तीस वर्षे गेली. दिल्ली, पुणे आणि वेल्लोर येथे सुमारे ६८०० बालकांवर तिची चाचणी झाली आणि २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. २०१६ साली हिमाचल प्रदेश, हरियाणा, ओडिशा आणि आंध्र प्रदेश या चार राज्यांत सरकारी लसीकरणात ती आली. एका वेळी पाच थेंब. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनेही आपली लस काढली. गाईच्या विषाणूवर माणसाच्या पाच विषाणूंची वेष्टने चढवून ती तयार केलेली आहे. २०१९ साली रोटाची लस महाराष्ट्रात आणि देशभर पोचली.

मग विषाणूने रूप बदलले का? बदलले, हे खरे. २०१२ ते २०१६ या काळात रुग्णालयात दाखल झालेल्या भारतीय मुलांमध्ये सापडलेल्या रोटाव्हायरसांपैकी निम्म्याहून अधिक जी-१ पी-८ होते. २०१६ ते २०२० या काळात पहिला क्रमांक जी-३ पी-८ ने पटकावला. जावईबापूंनी वाचले ते खोटे नव्हते.

पण 'लस आल्यावर बदलले' आणि 'लसीमुळे बदलले' ही दोन वाक्ये एक नव्हेत. कोंबडा आरवल्यावर उजाडते, म्हणून कोंबड्यामुळे उजाडते असे आपण म्हणत नाही. ब्राझीलमध्ये २००६ साली लस आली आणि लगेच जी-२ पी-४ बोकाळला. लसीवर बोट ठेवले गेले. पण शेजारच्या, लस न आलेल्या देशांतही त्याच सुमारास तेच रूप वाढत असल्याचे दिसून आले. घोड्याच्या विषाणूशी नाते सांगणारा एक जी-३ पी-८ २०१३ च्या सुमारास जपानमध्ये आढळला आणि थोड्या वर्षांत अनेक खंडांत पसरला. लस नव्हती त्या काळातही गावोगावची रूपे दर दोन-चार वर्षांनी बदलतच होती.

म्हणून लसीचा काहीच दबाव पडत नाही, असेही म्हणवत नाही. ऑस्ट्रेलियात २००७ पासून काही राज्यांनी एक लस वापरली, काहींनी दुसरी, आणि दोन्हीकडे आढळणाऱ्या रूपांत फरक दिसला. त्यामुळे पाळत हवीच. आपल्याकडे पुण्याची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था आणि वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज यांसारख्या संस्था लस येण्याच्या कितीतरी आधीपासून हे काम करीत आल्या आहेत.

आणि आता भाचीच्या प्रश्नाचा गाभा. रूप बदलले की लस निकामी होते का? पाच थेंबांच्या या लसीतला ११६-ई हा जी-९ पी-११ आहे. म्हणजे त्याचे वेष्टन ना पूर्वीच्या जी-१ पी-८ शी जुळते, ना आताच्या जी-३ पी-८ शी! वेष्टनावरच सारे अवलंबून असते, तर या लसीचा पहिल्या दिवसापासूनच उपयोग व्हायला नको होता. तो झाला, कारण शरीर नुसते वेष्टन पाहत नाही, आतली पानेही वाचते. वेल्लोरला ३७३ मुलांवर जन्मापासून तीन वर्षे लक्ष ठेवण्यात आले. प्रत्येक लागणीबरोबर गंभीर आजारापासूनचे संरक्षण वाढत गेले, पण ज्या रूपाची लागण आधी झाली त्याच रूपापासून अधिक संरक्षण मिळाले, असे काही दिसले नाही.

उपयोग किती, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. नऊ राज्यांतील ३१ रुग्णालयांत २०१६ ते २०२० या काळात झालेल्या पाहणीत ही लस गंभीर आजाराविरुद्ध सुमारे ५४ टक्के परिणामकारक ठरली. याचा अर्थ शंभर मुलांना थेंब दिले तर शेहेचाळीस आजारी पडतात, असा नव्हे. थेंब न घेतलेल्या मुलांमधून शंभर जण रुग्णालयात येत असतील, तर थेंब घेतलेल्या तेवढ्याच मुलांमधून शेहेचाळीस येतात, असा तो अर्थ. अतिसाराने दाखल झालेल्या मुलांपैकी पूर्वी शंभरात चाळीस रोटाचे असत. लसीनंतर ते वीसवर आले.

श्रीमंत देशांत हे आकडे बरेच चांगले आहेत. आपल्या मुलांच्या आतड्यांत आधीच नाना जंतूंची गर्दी असते. कुपोषण असते. आईकडून आलेली प्रतिकारशक्तीही लसीच्या विषाणूला रुजू देत नाही. उणेपणाची कारणे तिथे अधिक आहेत, विषाणूच्या बदलत्या रूपात कमी.

वरच्या मजल्यावरच्या नातवाचे काय, असे आपण विचाराल. एक तर जुलाब करणारे जंतू अनेक आहेत. रोटाची लस फक्त रोटावर चालते. आणि त्याला रोटाच झाला असेल, तरी तो त्या शेहेचाळिसांतला. राहिलेल्या चोपन्नांच्या घरी काहीच घडले नाही, म्हणून त्यांची चर्चा जिन्यात होत नाही.

भीतीचाही विषय टाळत नाही. अमेरिकेत आलेली पहिली रोटा-लस आतड्यात आतडे शिरण्याच्या विकाराशी संबंध आढळल्यामुळे १९९९ साली मागे घेतली गेली. त्यानंतरच्या लसी फार मोठ्या चाचण्यांतून गेल्या. आपल्या पाच थेंबांच्या लसीविषयी भारतात मुद्दाम झालेल्या पाहणीत असा वाढीव धोका आढळला नाही. तरीही बाळ कळवळून रडत असेल, शौचातून रक्त पडत असेल, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. लस घेतलेली असो वा नसो.

आणखी एक उपाय असा आहे की, त्याला विषाणूच्या कोणत्याही रूपाशी कर्तव्य नाही. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन अपुरे पडू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी रोग्यांना मीठ आणि ग्लुकोजचे पाणी पाजायला लावले आणि असंख्य जीव वाचवले. आज तीच ओआरएसची पुडी कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. जुलाब झाले की पाणी बंद करायचे नाही, पाजायचे. अंगावरचे दूध तोडायचे नाही. १९७१ ते १९७६. पाच वर्षांत ती गोष्ट आमच्या गावापर्यंत पोचली नव्हती.

हे सारे मी भाचीला फोनवर वाचून दाखवले. तिने निमूट ऐकून घेतले आणि म्हणाली, "आजीला दे." आईने फोन कानाला लावला. "सोमवारी मी येते तुझ्याबरोबर," एवढेच ती म्हणाली.

सोमवारी दवाखान्यात नर्सबाईंनी बाळाच्या तोंडात पाच थेंब सोडले. बाळाने तोंड वाकडे केले, जीभ बाहेर काढली आणि मिटक्या मारल्या. आईने कार्ड मागून घेतले, चष्मा लावून पुढची तारीख दोनदा वाचली आणि घरी येताच कॅलेंडरवर खूण केली.

हा अंक आपल्या हाती पडेल तोवर ती तारीखही होऊन गेलेली असेल. आपल्या घरात तान्हे बाळ असेल, तर फराळाच्या गडबडीतून दोन मिनिटे काढून त्याचे कार्ड एकदा पाहून घ्यावे. आणि ओआरएसच्या दोन पुड्या घरात आणून ठेवाव्यात.